वत्सलाच्या पोथ्या

प्रिय वत्सला,

आज आपल्या झडतीचा दिवस. या महिन्याची चिठ्ठी माझी निघाली होती, पुस्तकांचं गाठोडं महिनाभर माझ्याकडे होतं, आणि रीतीप्रमाणे आज दुपारी तुझ्या पडवीत बसून मी सगळ्यांना झडती द्यायची होती. घ्यायला तू नाहीस. म्हणून लिहून देते आहे. पण खरं कारण तेही नाही. आज सकाळी तुझा अशोक माझ्या दारात येऊन गेला, आणि तेव्हापासून मी रागात आहे.

"मावशी," उंबऱ्याबाहेरूनच तो म्हणाला, "उद्या आईचं मासिक आहे. दुपारी घाटावर जायचंय. आईच्या पोथ्या पार जुन्या झाल्यात, घरात आता कुणी वाचणारं नाही. तात्या म्हणाले, पोथी न वाचता घरात पडून राहिली तर दोष लागतो, प्रवरेत सोडून देऊ. तुमच्याकडे पण आईच्या काही आहेत ना? त्या द्या, म्हणजे सगळ्यांचं एकदमच विसर्जन होईल."

पोथ्या! वत्सला, तुझ्या पोथ्या! मला आधी हसू आलं आणि मग लक्षात आलं. तुझ्या देवघराशेजारची ती काळी लोखंडी ट्रंक, आपण पाच बायकांनी वीस-एक वर्षं जमवलेल्या पुस्तकांनी भरलेली, उद्या नदीत जाणार. तात्या, तुझे दीर, अशोकच्या मागे हाताची घडी घालून उभे होते. मी एवढंच म्हटलं, "उद्या मीच घरी येते, तिथे बोलू." जे आपण पाचजणींनी जपलं ते मी एकटीने दारात कसं उघडं करायचं? बाकीच्या तिघींना विचारायला नको?

तुला हे सगळं ठाऊक आहे. तरी मी पहिल्यापासून लिहिणार आहे. कारण तुझ्या दहाव्याला लोक तुझ्याबद्दल जे बोलले ते ऐकल्यापासून मला शंका येते, की या गावात तुला ओळखणारं कुणी होतं तरी का.

आपल्या कोल्हारला गल्लोगल्ली भिश्या. पैशांच्या, भांड्यांच्या, साड्यांच्या. तू एकदा माझ्याकडे चहाला आलीस आणि म्हणालीस, "मार्था, भांड्यांनी माझी फळी भरली. आता पुस्तकांची भिशी लावू." मला वाटलं, थट्टा करते आहेस. मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत होते, नगरच्या कॉन्व्हेंटात वाढलेली, पुस्तकांबद्दल गावात कुणी माझ्याशी बोलत नसे. तू बोललीस. महिन्याला प्रत्येकीने एखाददुसरं पुस्तक आणायचं. कपात चिठ्ठ्या टाकायच्या. जिची निघेल तिने सगळं गाठोडं घरी न्यायचं, महिनाभर वाचायचं, आणि मग झडती, म्हणजे वाचलं त्याचा हिशेब. पुस्तक कुठलंही चालेल, मिळालं ते सगळं वाचायचं, हे नको ते हवं म्हणायचं नाही.

आणि झडतीचा तुझा तो नियम. "गोष्ट सांगत बसू नका गं. गोष्ट मी वाचीनच. राग कशाचा आला ते सांगा." पहिल्यांदा शकुंतला म्हणाली, "पण वत्सलाताई, मला रागच नाही आला." तू शेंगा सोलता सोलता म्हणालीस, "मग तू वाचलंच नाहीस. परत ने."

असं माझ्याशी आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. आमच्या सिस्टर विचारायच्या, यातून बोध काय घेतलास? बोध मला कधी सापडला नाही. राग मात्र ढीगभर सापडायचा.

आता त्या कव्हरांबद्दल. तुझ्या सासूबाईंनी तुझी एक कादंबरी पाणी तापवायच्या बंबात घातली, ते तू मला हसत सांगितलं होतंस. मला हसू आलं नव्हतं. अर्धी वाचून झाली होती आणि पुढे काय झालं ते तुला कधीच कळलं नाही. दुसरी प्रत शोधायला तू राहुरीच्या स्टँडपर्यंत जाऊन आलीस, मिळाली नाही. त्यानंतर तू खताच्या दुकानाचं जुनं कॅलेंडर काढलंस, त्यावरची लक्ष्मी कापलीस आणि खळ लावून नव्या पुस्तकावर चढवलीस. आत खुनाची गोष्ट. सासूबाईंनी ते उचललं, कपाळाला लावलं आणि देवघरात नेऊन ठेवलं. तिथून तू ते रोज दुपारी काढून वाचायला लागलीस.

मग तीच रीत झाली. वर्ष संपलं की प्रत्येकीने घरची कॅलेंडरं आणायची. सोनाराच्या कॅलेंडरवरचा गणपती, कारखान्याच्या कॅलेंडरवरची सरस्वती. माझ्याकडे देव एकच, खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ. मी तो भीत भीत आणला. तू तो भुतांच्या गोष्टींवर चिकटवलास. "तुझा देव इथे बसू दे. भुतं गप राहतील." मीना आरोग्य केंद्रात नर्स म्हणून आली आणि भिशीत शिरली, तेव्हा तिने बुद्ध आणला. तिचं पुस्तक कुणापासून लपवायचं नव्हतं, तिच्या घरी वाचायला कुणाची ना नव्हती. तरी ती म्हणाली, "सगळ्यांना आहे तर माझ्या पुस्तकाला पण घाला."

तुझ्या दहाव्याला घाटावर मांडव होता, माइक होता. आपल्याकडे माणूस गेलं की नदीकाठी बोलणाऱ्यांची रांग लागते, ज्यांनी तुला कधी पाहिलंही नसेल तेही दोन शब्द बोलून गेले. एकाने तुझ्या हातच्या पुरणपोळीची आठवण काढली. दुसऱ्याने सांगितलं, तुझ्या दारातून कुणी उपाशी परतलं नाही. तिसऱ्याने सांगितलं, अण्णा, तुझे यजमान, असेपर्यंत त्यांच्या आधी तू कधी जेवली नाहीस, आणि त्यावर पुरुषांनी माना डोलावल्या. शेवटी प्रवचनाचे महाराज म्हणाले, "या माउलीच्या हातात सदैव पोथी असायची. अशी पुण्यवान बाई होणे नाही."

बायका एका कडेला पदर तोंडाला लावून बसलेल्या. भिशीतल्या आपल्या पार्वतीबाई माझ्या कानाशी वाकल्या. "बाई, मंग ती रक्ताची गोष्ट? ती बी पोथीच का?" मी त्यांचा हात दाबून धरला. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. त्यांनाही कळत नसावं.

मी संतापले होते, वत्सला. एवढी माणसं बोलली आणि तू वाचत होतीस हे एकालाही माहीत नव्हतं. जेवण, जेवण, जेवण आणि पोथी. गेलेल्या बाईचं मागे एवढंच उरायचं का?

त्याच रागात घरी आले आणि गाठोडं सोडलं. आता माझी झडती ऐक.

पहिलं एका मोठ्या कार्यकर्त्याचं आत्मचरित्र. तुरुंगात गेला, गावोगाव फिरला, शाळा काढल्या. मी मनापासून वाचत होते. त्याची बायको अधूनमधून येते, दर वेळी तिच्या हातात काहीतरी असतं. ताट, नाहीतर शिदोरी, नाहीतर मूल. एका प्रकरणाच्या शेवटी एक वाक्य आहे, की याच सुमारास कुटुंबाचे निधन झाले. कुटुंब म्हणजे हीच बायको. पुढच्या ओळीत परिषदेची तयारी सुरू. मी मागे जाऊन पाहिलं, मधलं पान फाटलं तर नाही ना. नव्हतं फाटलं. त्याच्या घोड्याच्या मरणावर मात्र दोन पानं आहेत, आणि ती सुंदर आहेत, हेच मला सहन होईना. माणसाला लिहिता येत होतं. त्याने लिहिलं नाही. मी पुस्तक मिटून अंगणात जाऊन उभी राहिले. तुझ्या दहाव्याला घाटावर हेच झालं होतं.

शकुंतलाने नेहमीप्रमाणे पाककृतींचं पुस्तक आणलं होतं. तिच्या सासरी किराण्याचं दुकान, तिला वाटतं स्वयंपाकाचं पुस्तक दिसलं तर कुणी काही बोलणार नाही. त्यात एक प्रकरण आहे, पाहुणे अचानक आले तर. लिहिणारी म्हणते, ही कृती अगदी झटपट होते, गृहिणीचा वेळ मुळीच जात नाही. आणि पहिली ओळ काय, तर डाळ आदल्या रात्री भिजत घालावी. अगं बाई, मग ते पाहुणे अचानक कसे? मी एकटीच मोठ्याने हसले. आणि तुला सांगायला वळले.

तुझी आवडती रहस्यकथा. तिसऱ्या पानावर एक बाई मरून पडते, आणि मग दोनशे पानं सगळे खुनी शोधत फिरतात. मला माहीत आहे तू काय विचारशील. "खुनी कोण ते कळलं का आधीच?" कळलं. पण ती बाई कोण होती, तिला काय आवडायचं, ती त्या घरात का राहत होती, हे कुणी विचारलंच नाही. शेवटी सगळे चहा पितात. तिच्या नावाने कुणी एक शब्द काढत नाही. तुला हे पुस्तक इतकं का आवडायचं? याचा राग तुला यायचा की नाही? तू या पुस्तकाची झडती कधी दिलीच नाहीस, दर वेळी पार्वतीबाईंना द्यायला लावायचीस.

परदेशच्या प्रवासाचं एक पुस्तक होतं. त्यातला माणूस चहा चांगला मिळत नाही म्हणून पानोपानी कुरकुरतो. ते सोड. पण एका शहरात तो वाचनालयात शिरतो. मोठी इमारत, कुणीही आत जावं, हवं ते उचलावं, टेबलाशी बसून वाचावं, कुणी विचारत नाही. त्याने ते सहज लिहिलंय. माझ्या डोळ्यांपुढे बोर्डिंगमधलं काचेचं कपाट आलं. आत इंग्रजी कादंबऱ्या, पाठीवर सोनेरी अक्षरं, आणि चावी सिस्टरच्या कमरेला. आम्हाला संतांची चरित्रं मिळायची. मी काचेला नाक लावून फक्त नावं वाचायची. तुझ्या सासूबाईंनी बंबात घातलं, माझ्या सिस्टरनी कपाटात घातलं. एक जाळायची, एक कुलूप लावायची, आणि दोघींना वाटायचं, आपण मुलीचं भलं करतो आहोत.

मीनाने आणलेल्या पुस्तकाबद्दल मी फार लिहिणार नाही. नदीच्या खालच्या अंगाला राहिलेल्या एका मुलाचं लहानपण आहे. नदी आपल्यासारखीच, गाव आपल्यासारखंच. इतक्या वर्षांत मी त्या बाजूला किती वेळा गेले असेन? पुस्तक देताना मीना म्हणाली होती, "बाई, हे वाचा. पण राग आला तर मला सांगायला येऊ नका. माझा करून झालाय." मग मी तो कुणाला सांगायचा? तुलाच सांगितला असता. तू शेंगा सोलणं थांबवलं असतंस, एवढं मला नक्की माहीत आहे.

आणि तू घातलेलं ते कवितांचं पातळ पुस्तक. गाठोडं बांधताना म्हणाली होतीस, "हे सावकाश वाच. याची झडती मी तुझी एकटीची घेईन." मी सावकाश वाचलं. रोज एक कविता, कधी तीच दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यातल्या कशाचा राग आला नाही. राग तुझा आला. डावा हात दुखतो म्हणत होतीस, मी तीनदा म्हटलं दवाखान्यात चल, मीना म्हणाली मी घेऊन जाते. तू म्हणालीस, हातातलं संपू दे. हातातलं काय होतं गं असं, की तेवढ्यासाठी दवाखाना थांबवायचा?

संध्याकाळी तिघी माझ्याकडे आल्या. मी अशोकचं सांगितलं. शकुंतला घाबरली. "अहो, नाव जाईल तिचं. गावभर पुण्यवान म्हणून झालंय, आता कशाला? जाऊ देत नदीत. आपण नवी घेऊ."

"नवी घेशील," पार्वतीबाई म्हणाल्या, "पर तिनं वाचल्याली कुठून आनशील?"

मीना उठताना म्हणाली, "उद्या दुपारची ड्युटी बदलून घेते. मी येणार."

शकुंतला चप्पल घालताना म्हणाली, "किती वाजता जायचं?"

इथे थांबते. उद्या काय होईल ते झाल्यावर लिहीन.

* * *

झालं, वत्सला. आता पुढचं ऐक.

आम्ही गेलो तेव्हा ट्रंक अंगणात पाटावर होती. हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूचा हार. सुनंदा, तुझी सून, ताट घेऊन उभी. दारात टेम्पो. तात्या घड्याळ बघत होते.

"अशोक," मी म्हटलं, "ट्रंक उघड जरा."

तात्याच बोलले. "बाई, टायम झालाय. घाटावर लोक थांबलेत. तुमच्यात विसर्जन नसतंय, तुमाला न्हाई कळायचं ते."

एरवी मी गप्प बसले असते. एवढी वर्षं या गावात 'तुमच्यात' ऐकून गप्पच बसते. पण महिनाभर राग वाचला होता ना, तो सगळा वर आला. मी म्हटलं, "बरोबर आहे तात्या. आमच्यात नसतं. म्हणूनच आमचा देव तेवढा त्यातून काढून द्या."

मी खाली बसले, कडी काढली. वरच्या थरात लक्ष्मी, गणपती, सरस्वती. चाचपत गेले आणि माझा मेंढपाळ सापडला. भुतांच्या गोष्टींवरचा. मग बुद्ध सापडला, तो मीनाच्या हातात दिला.

"आमच्यात पण विसर्जन नसतं, तात्या," मीना म्हणाली.

"म्हंजे?" तात्यांनी अशोककडे पाहिलं. "वहिनी ख्रिस्ताची पोथी वाचत हुत्या?"

पार्वतीबाई पुढे झाल्या. त्यांनी ट्रंकेतली लक्ष्मी उचलली आणि मांडी घालून जमिनीवर बसल्या. "ही तर मपली. म्या दिल्याली. पोथी म्हंता ना तुमी? मंग वाचते. पोथी ऐकाया काय हरकत?" तात्यांनी सवयीने हात जोडले. पार्वतीबाईंनी ओळीवर बोट ठेवलं आणि प्रौढ शिक्षणाच्या वर्गात वाचायच्या तशा खणखणीत आवाजात, एकेक शब्द तोडत वाचलं. इन्स्पेक्टर पलंगाखाली वाकला. रक्ताचा ओघळ दारापर्यंत गेला होता. सुरी मात्र कुठेच नव्हती.

तात्यांचे जोडलेले हात हळूच खाली आले. सुनंदाने तोंडावर पदर घेतला. तिचे खांदे हलत होते.

अशोकने पार्वतीबाईंच्या हातून पुस्तक घेतलं. लक्ष्मीच्या चित्राची कड नखाने सोडवली. वाळलेली खळ करकरली आणि चित्र सुटून आलं. आत लाल भडक कव्हर, त्यावर पिस्तूल. त्याने दुसरं उचललं. सरस्वतीखाली वाऱ्यात केस सोडून उभी असलेली एक बाई निघाली. तिसरं, चौथं. तो नुसता सोलत होता.

"हे सगळं आईनं वाचलं?"

"सगळं. काही काही दोनदा."

"आणि पोथ्या?"

"तळाला दोन आहेत. त्या तुझ्या आजीच्या. त्या खऱ्या आहेत."

तो पायरीवर बसला. एवढा मोठा बाप्या, पोरांचा बाप, आणि बसला कसा, तर शाळेतून मार खाऊन आल्यासारखा. मग म्हणाला, "मावशी, आई पोथी वाचतीय म्हणून मी रेडिओ बंद करायचो. पडवीतून जाताना चप्पल हातात घ्यायचो. पार लहान होतो तेव्हापासून." हातातल्या पुस्तकाकडे बघत म्हणाला, "मला का नाही सांगितलं तिनं? मी काय जाळणार होतो का?"

याचं उत्तर तू दे, वत्सला. तुझ्या सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली? अण्णांनाही झाली. मग तू कुणाला भीत होतीस? तुझा मुलगा अनवाणी पायाने तुझ्या खुनाच्या गोष्टीभोवतून जात होता आणि तू मान वर करून एकदाही म्हणाली नाहीस, अरे ये, बस, ऐक हे. त्याने ऐकलं असतं गं. काल त्याच्याकडे बघताना मला तुझा जेवढा राग आला तेवढा कुठल्या पुस्तकाचा आला नाही. ज्यांनी तुझी कादंबरी बंबात घातली त्यांच्यापासून लपवलंस, ते मी समजू शकते. ज्याने काहीच घातलं नाही, त्याच्यापासूनही लपवलंस?

तात्या कपाळाला हात लावून उभे. "घाटावर मानसं बसलीत. गुरुजी आलेत. आता तिथं जाऊन काय सांगू? वहिनी डिटेक्टिव्ह वाचायच्या?"

"सांगा की," मीना म्हणाली.

"सांगा की म्हनं. तुमाला काय हुतंय."

तेव्हा सुनंदा बोलली. मला तर ती तोंड उघडेल असं वाटलंच नव्हतं. ताट खाली ठेवून ती म्हणाली, "तात्या, देवांची चित्रं आहेत ना जुनी झालेली? मग चित्रांचं करा विसर्जन. पुस्तकं राहू द्यात."

तात्यांनी पुन्हा घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "कराय बसा मंग. बिगीबिगी."

आम्ही अंगणात बसून चित्रं सोडवायला लागलो. शकुंतला सुद्धा बसली. काही सुटली, काही फाटली, काहींना कसर लागली होती. आणि एकेका पुस्तकाचं खरं तोंड दिसायला लागलं. आपणच कधी पाहिली नव्हती गं ती नीट. पार्वतीबाई प्रत्येक कव्हर हातभर लांब धरून बघत होत्या. "आता गं बया. ह्याच्यात असलं हुतं व्हय? आन म्या एवढी वर्सं गणपतीच बघितला." अशोक काही सोलून झाल्यावर एक उघडून बघत होता, मग सुनंदाने हाक मारली की खाली ठेवत होता, मग पुन्हा तेच उचलत होता.

चित्रांची तांबड्या फडक्यात पुरचुंडी झाली. केवढीशी. तात्या ती दोन्ही हातांत धरून घाटाकडे गेले. घाटावर सगळ्यांनी तिला नमस्कार केला म्हणे. करू देत. देवांचंच होतं ते.

घाटावरचं आटोपून आल्यावर, टेम्पोत ट्रंक चढवताना, अशोक माझ्याजवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, पुस्तकं तुमचीच आहेत, न्या. पण एवढं करा. आईचं हे गावात नका बोलू. तिचं चांगलं नाव आहे."

"अशोक, तुझ्या आईने चोरी नव्हती केली."

"मला कळतंय हो. लोकांना नाही कळायचं."

तो वाईट नाही, वत्सला. त्याने मला पाणी विचारलं, ट्रंकेला स्वतः हात लावला, माझ्या घरात नेऊन ठेवली. पण त्याच्या तोंडचं ते वाक्य ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं, की चित्रं निघाली, पण हा नवं कव्हर घालू पाहतो आहे. या वेळी पुस्तकांवर नाही, तुझ्यावर. आणि ते चिकटवायला मी मदत करावी अशी त्याची इच्छा आहे. मी त्याला हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. बायकोने त्याला हाक मारली आणि तो गेला.

पुढच्या महिन्याची चिठ्ठी काल माझ्याच घरी टाकली. पार्वतीबाईंची निघाली. आता पुस्तकं आहेत तशी न्यायची, यावर वाद झाला. पार्वतीबाई म्हणाल्या, "नेते. सून काय म्हनंल ती म्हनू दे. म्या तिला बी वाचून दाविन." शकुंतला मात्र म्हणाली, "माझ्या वेळेला खाकी कागद तरी घाला हो. मला दुकानात बसून वाचायचं असतं." घालू. तिला घाई करायची नाही, असं मी आणि मीनाने ठरवलं आहे. प्रत्येकीने आपापल्या वेळेला सोलावं.

पण तुझी वेळ संपली, म्हणून तुझं मी ठरवते.

मी तुला शब्द देते, वत्सला. मी गप्प राहणार नाही. हे पत्र मी छापायला पाठवते आहे, तुझ्या नावासकट, आणि छापून आलं की त्याची पहिली प्रत अशोकच्या हातात देणार आहे, म्हणजे त्याला ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको. किराण्याच्या दुकानात, एसटीत, आमच्या चर्चच्या दारात, जो कुणी तुझं नाव काढेल त्याला मी सांगणार आहे, की ती वाचत होती. स्वयंपाक करून झाल्यावर वाचत होती, हात दुखत असताना वाचत होती. खून, भुतं, प्रवास, कविता, सगळं वाचत होती आणि वाचून रागावत होती. माझ्या गावातली सगळ्यात रागीट वाचक होती. पोळ्याही बऱ्या करायची.

तुला हे पसंत नसेल, तर ये आणि माझ्याशी भांड.

तुझी,
मार्था